तबकडीवर न उमटलेली नावे

नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जॅझला हक्काची जागा मिळवून दिली. त्यांच्या ७८ गतीच्या ध्वनिमुद्रिकांचा शोध संग्राहक आजही घेत असतात. मात्र त्या तबकड्यांवर ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजविणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत. ही नावे परत मिळविण्याचे काम आता संग्राहकांच्याच हाती उरले आहे. त्या कामाचा आणि त्यातील अडचणींचा हा परिचय.

गोदावरीकाठचे पुणतांबा हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. २०१७ साली शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच गावातून निघाली आणि पुणतांब्याचे नाव राज्यभर पोहोचले. परंतु या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती जुन्या गाण्यांच्या रसिकांखेरीज फारशी कोणाच्या लक्षात नसते. रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी येथे झाला.

विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या गुरूकडे शास्त्रीय गायनाचे धडे घेतलेला हा तरुण नायक होण्याच्या इच्छेने चित्रपटसृष्टीत आला. 'नागानंद' या चित्रपटात त्याने भूमिकाही केली. तेथे यश मिळाले नाही, तेव्हा सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये तो हार्मोनियमवादक म्हणून राहिला. संगीत दिग्दर्शक म्हणून त्याला पहिली संधी तमिळ चित्रपटांनी दिली आणि १९४२ साली मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'पासून हिंदीतील वाटचाल सुरू झाली. पुढील पंधरा वर्षांत 'शहनाई', 'पतंगा', 'समाधी', 'सरगम', 'अलबेला', 'अनारकली', 'आझाद' आणि 'आशा' अशी चित्रपटांची रांगच लागली. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

'अनारकली'तील (१९५३) रागदारीवर आधारलेल्या चाली आणि 'अलबेला'तील (१९५१) ट्रम्पेटची गर्जना ही एकाच माणसाची निर्मिती आहे, यावर नव्या श्रोत्याचा चटकन विश्वास बसत नाही. या दुसऱ्या अंगाचे मूळ मुंबईच्या जॅझमध्ये आहे.

ताजमहाल हॉटेल ते दादरचा स्टुडिओ

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यू ऑर्लीन्स आणि परिसरात घडविलेले संगीत. लिहिलेली चाल आधाराला घेऊन वादकाने त्याच क्षणी सुचेल तशी भर घालीत जाणे, हा त्याचा प्राण होय. आपल्याकडील उपज अंगाशी त्याचे दूरचे नाते सांगता येईल. मात्र जॅझमध्ये ही उपज स्वरसंवादांच्या ठरलेल्या साखळीवर चालते आणि लय किंचित झुलती ठेवली जाते. या झुलण्यालाच स्विंग असे नाव आहे.

१९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताजचे व्यासपीठ गाजविले. क्रिकेट स्मिथ यांनी १९१३-१४ साली जेम्स रीझ युरोप यांच्या वाद्यवृंदातून ध्वनिमुद्रणात भाग घेतला होता. जॅझची पहिली तबकडी निघाली ती १९१७ मध्ये. म्हणजे त्याहीआधी तबकडीवर उमटलेला वादक मुंबईकरांनी समोरासमोर ऐकला. वेदरफर्ड पुढे कोलकात्यात गेले, तेथे त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी अनेक तबकड्या केल्या आणि १९४५ मध्ये पटकीच्या आजाराने त्याच शहरात त्यांचा अंत झाला.

परदेशी वादक परतले, तरी त्यांची विद्या येथेच राहिली. ती उचलली गोव्याहून आलेल्या वादकांनी. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. पोटासाठी मुंबई गाठलेल्या या वादकांना हॉटेलांच्या बँडमध्ये काम मिळाले. बाराखडीइतक्या सहजतेने नोटेशन वाचणारा हा वर्ग होता. चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होऊ लागले, तेव्हा साहजिकच संगीतकारांना त्याची गरज भासली. रात्री हॉटेलात आणि दिवसा दादर-अंधेरीच्या स्टुडिओत, अशी दुहेरी नोकरी अनेकांनी वर्षानुवर्षे केली.

यांतील सर्वांत ठळक नाव चिक चॉकलेट यांचे. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशमधील हळदोणे. ट्रम्पेटवरील हुकमतीमुळे आणि शैलीमुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. पुणतांब्याचे चितळकर आणि हळदोण्याचे वाझ यांची गाठ पडली आणि हिंदी चित्रपटगीताला नवा आवाज मिळाला.

तीन मिनिटांची जुळवणी

त्या काळातील कामाची पद्धत समजून घेतल्याशिवाय या तबकड्यांचे महत्त्व ध्यानात येत नाही. संगीतकार चाल बांधीत असे, ती स्वतः गाऊन दाखवीत असे आणि फार तर सरगममध्ये टिपून ठेवीत असे. या चालीभोवती कोणते वाद्य केव्हा वाजेल, गायिकेच्या ओळीमागे व्हायोलिन कोणते स्वर धरतील, दोन कडव्यांमधील जागा ट्रम्पेट भरेल की सॅक्सोफोन, हे सारे नोटेशनमध्ये लिहून काढणारा माणूस वेगळा असे. त्याला अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक म्हणत. हा बहुधा गोमंतकीय असे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस आणि फ्रँक फर्नांड यांनी अनेक संगीतकारांकडे काम केले. यांपैकी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले. श्रोत्यांना मात्र ते एका पात्राचेच नाव वाटले.

सी. रामचंद्र यांनी या वादकांना केवळ साथीला बसविले नाही, तर चालीतच त्यांच्यासाठी जागा ठेवल्या. १९४७ च्या 'शहनाई'मधील रविवारच्या भेटीचे खट्याळ गाणे गिटार, हार्मोनिका आणि शिट्टी यांच्या मेळातून उभे राहिले. 'अलबेला'तील 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र आले. त्याच चित्रपटातील 'धीरे से आजा री' ही अंगाई मात्र पिलूच्या वळणाची आणि अस्सल देशी आहे. दोन्ही गाणी एकाच संचातील आहेत, हे संग्राहक आवर्जून सांगतात. 'अलबेला'त चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह झालरींच्या बाह्यांचे लॅटिन अमेरिकी पोशाख घालून पडद्यावरही दिसतात. एरवी पडद्यामागे राहणाऱ्या वादकांसाठी हा दुर्मीळ योग होता.

१९५७ च्या 'आशा'मधील 'ईना मीना डीका'ची कथा प्रसिद्ध आहे. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या गणतीच्या गाण्यावरून संगीतकाराला मुखड्याची कल्पना सुचली आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'माका नाका' हे कोकणी शब्द घातले, असे सांगितले जाते. अर्थ सरळ आहे, 'मला नको'. लाखो लोकांनी हे शब्द निरर्थक समजून गुणगुणले. एका गोमंतकीय वादकाची खूण अशी गाण्यातच राहून गेली, पण कागदावर तिची नोंद कोणी घेतली नाही.

लेबल काय सांगते, काय लपविते

७८ गतीची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे वाजते. तिच्या मध्यभागी चिकटविलेले गोल कागदी लेबल हा संग्राहकाचा पहिला पुरावा. त्यावर चित्रपटाचे नाव, गाण्याचे आरंभीचे शब्द, गायकाचे नाव आणि कंपनीचा विक्री क्रमांक असतो. पुढे संगीतकार व गीतकारांची नावेही येऊ लागली. लेबल आणि शेवटची खाच यांमधील गुळगुळीत भागावर आणखी एक बारीक क्रमांक कोरलेला दिसतो. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. विक्री क्रमांक दुकानदारासाठी असतो, तर मॅट्रिक्स क्रमांक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा असतो. लागोपाठचे मॅट्रिक्स क्रमांक मांडले की कोणती गाणी आगेमागे मुद्रित झाली, याचा अंदाज बांधता येतो.

लेबलावर डोळे झाकून विश्वास ठेवणेही धोक्याचे असते. १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापले होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. गाणे लता मंगेशकर यांचे आहे, हे श्रोत्यांना रेडिओवरून कळले. खुद्द सी. रामचंद्र यांचा मागही एका नावाने घेता येत नाही. आरंभीच्या चित्रपटांत ते राम चितळकर म्हणून येतात, काही चित्रपटांना अण्णासाहेब या नावाने, तर एका चित्रपटाला श्यामू या नावाने त्यांनी संगीत दिले. गायक म्हणून ते केवळ चितळकर असतात. हे ठाऊक नसलेला नवखा संग्राहक जुन्या बाजारात हवी ती तबकडी हातात घेऊनही परत ठेवतो.

वादकांच्या बाबतीत तर लेबल पूर्णपणे मौन पाळते. चिक चॉकलेट यांनी स्वतःच्या बँडच्या नावाने इंग्रजी तबकड्या काढल्या आणि 'नादान' (१९५१) या चित्रपटाला स्वतंत्रपणे संगीत दिले, म्हणून तेवढ्यापुरते त्यांचे नाव सापडते. त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या दहा-पंधरा जणांचे काय? त्यांना दिवसाची बिदागी रोखीने मिळे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टुडिओत दुसरे गाणे असे.

जॅझच्या संग्राहकांची शिस्त

येथे जॅझच्या रसिकांनी घालून दिलेला धडा उपयोगी पडतो. फ्रान्समधील शार्ल दलोने यांनी १९३६ साली जॅझच्या तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली. ध्वनिमुद्रणाची तारीख, गाव, मॅट्रिक्स क्रमांक आणि प्रत्येक वाद्यापुढे वादकाचे नाव अशी तिची मांडणी होती. पुढे ब्रिटनमधील ब्रायन रस्ट यांनी हेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर केले. तारीख-वादकांसह केलेल्या या सूचीशास्त्राला डिस्कोग्राफी म्हणतात. एखाद्या तबकडीवर दुसरा ट्रम्पेट कोणी वाजविला, यावर जॅझचे दोन रसिक तासन्‌तास वाद घालू शकतात. त्याचे कारण हट्टीपणा नव्हे. जॅझमध्ये वादक हाच रचनाकार असल्याने त्याचे नाव गेले की रचनेचा कर्ताच हरवतो.

भारतात हिंदी चित्रपटगीतांची सूची करण्याचे प्रचंड काम कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी केले. त्यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोश'चे दशकवार खंड १९८० पासून प्रसिद्ध होत गेले. १९३१ पासूनचा प्रत्येक चित्रपट, त्यातील गाणी, गायक, गीतकार, संगीतकार आणि तबकड्यांचे क्रमांक त्यात आढळतात. भारतातील सर्वांत आरंभीच्या ध्वनिमुद्रणांची सूची ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी केली. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर हे तिच्या कामातील प्रमुख नाव. संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने जुन्या तबकड्यांविषयीची विखुरलेली माहिती एकत्र आणली.

या सर्व सूच्यांमुळे गाणे सापडते, परंतु वादक सापडत नाही. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकासाठी जुन्या वादकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भेटून मुंबईच्या जॅझची कहाणी जुळविली, तेव्हा यांतील अनेक नावे प्रथमच वाचकांसमोर आली. छायाचित्रे, हॉटेलांच्या जाहिराती, नोटेशनच्या वह्या आणि आठवणी हीच त्यासाठीची साधने असतात. ती वादकांबरोबर आणि त्यांच्या मुलाबाळांबरोबर झपाट्याने नाहीशी होत आहेत.

दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की

संग्राहकांच्या श्रवणसत्रांत एक खेळ नेहमी रंगतो. एकामागोमाग दोन तबकड्या लावायच्या आणि नाते ओळखायचे. 'समाधी'तील (१९५०) 'गोरे गोरे' हे लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेले गाणे आणि १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटातील कार्मेन मिरांडा यांचे 'चिको चिको' ही अशीच एक जोडी. मूळ चाल कोठून आली हे लपत नाही. तरीही देशी ठेका, शब्दांची फेक आणि दोन आवाजांतील संवाद यांमुळे हिंदी गाणे स्वतःच्या पायावर उभे राहते, असे त्याचे चाहते मानतात. उसनवारी कोणती आणि संस्कार कोणता, हा वाद अशा सत्रांत कधीच संपत नाही. निदान दोन्ही तबकड्या हाताशी असल्या, तर तो ऐकीव माहितीवर न होता कानांनी होतो.

पुनर्प्रकाशनाचा हिशेब

लाखेच्या तबकड्या गेल्या, त्यानंतर हीच गाणी लाँग प्लेवर, १९८० च्या दशकात कॅसेटवर, पुढे सीडीवर आणि आता इंटरनेटवर आली. २००० साली ग्रामोफोन कंपनीचे नाव सारेगामा झाले. २०१७ साली तिने बाजारात आणलेल्या कारवाँ या पेटीत ५ हजार जुनी गाणी भरलेली होती आणि ती घरोघरी वाजू लागली. जुने संगीत नव्या पिढीपर्यंत पोहोचले, ही पुनर्प्रकाशनाची मोठी कमाई.

तथापि संग्राहकांच्या काही तक्रारी रास्त आहेत. पुनर्प्रकाशित आवृत्ती कोणत्या मूळ मुद्रणावरून केली, हे बहुधा सांगितले जात नाही. चित्रपटातील गाणे आणि तबकडीवरील गाणे पुष्कळदा वेगवेगळे असते. तबकडीच्या सव्वातीन मिनिटांत बसविण्यासाठी एखादे कडवे गाळलेले असते. खरखर काढण्याच्या नादात झांजेचा आणि ब्रशचा नाजूक आवाजही पुसला जातो आणि जॅझमध्ये तर लय तेथेच असते. १९९० च्या दशकात जुन्या गाण्यांवर नवा ठेका चढवून त्यांची विक्री झाली. त्या आवृत्त्या मूळच्या म्हणून आजही फिरत आहेत. गाणे एकच असले, तरी ऐकणाऱ्याच्या हाती नेमके काय पडले, हे त्याला कळत नाही.

परदेशातील जॅझच्या चांगल्या पुनर्प्रकाशनांसोबत पुस्तिका असते. तीत मूळ तबकडीचा क्रमांक, तारीख, वादकांची यादी आणि गाळलेली दुसरी मुद्रणेही दिलेली असतात. 'अलबेला' किंवा 'शहनाई' यांची या तोडीची आवृत्ती निघाली, तर ती केवळ हौसेची वस्तू ठरणार नाही. मुंबईच्या वाद्यवृंदांचा तो दस्तऐवज ठरेल.

अरणगावात वाजलेली रेकॉर्ड

नगर जिल्ह्याचे जॅझशी असलेले दुसरे नाते याच पुनर्प्रकाशनाच्या विषयाशी जोडलेले आहे. नगर शहरापासून काही किलोमीटरवर अरणगावजवळ मेहेराबाद येथे अवतार मेहेरबाबा यांची समाधी आहे. मेहेरबाबांचे ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळील मेहेराझाद येथे देहावसान झाले. त्यानंतर मेहेराबादला त्यांच्या समाधीस्थळी त्यांच्या आवडीचे 'बिगिन द बिगीन' हे गाणे रेकॉर्डवर लावण्यात आले.

कोल पोर्टर यांनी १९३५ च्या 'ज्युबिली' या ब्रॉडवेवरील संगीतिकेसाठी हे गाणे लिहिले. त्या काळी लोकप्रिय गाणे सहसा ३२ मात्राखंडांचे असे. हे १०८ मात्राखंडांचे होते. संगीतिकेत ते फारसे गाजले नाही. २४ जुलै १९३८ रोजी क्लॅरिनेटवादक आर्टी शॉ यांच्या बँडने त्याचे ध्वनिमुद्रण केले आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकलेले हे गाणे स्विंगयुगाची ओळख बनले.

इंग्लंडमधील 'द हू' या रॉक समूहाचे पीट टाउनशेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली 'हॅपी बर्थडे' ही तबकडी खासगी वितरणासाठी काढली. तीत टाउनशेंड यांनी गायलेले 'बिगिन द बिगीन' होते. प्रती मोजक्या आणि मागणी मोठी, त्यामुळे तिच्या चोरट्या नकला बाजारात फिरू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये 'हू केम फर्स्ट' ही रीतसर तबकडी निघाली. पुढे तिच्या पुनर्प्रकाशनांत खासगी तबकड्यांवरील रचनांची भर पडत गेली. संग्राहकांनी नोंदी जपल्या होत्या, म्हणूनच कोणती रचना प्रथम कोठे आली, हे आज निश्चित सांगता येते.

कायदा काय सांगतो

जुन्या तबकडीचे डिजिटल रूपांतर करून ते सर्वांसाठी खुले करता येईल काय, हा प्रश्न संग्राहकांत वारंवार निघतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी ५० वर्षे होती. ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढली. या हिशेबाने १९५१ साली निघालेल्या 'अलबेला'च्या तबकड्यांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०११ रोजी आणि १९५७ च्या 'आशा'ची ३१ डिसेंबर २०१७ रोजी संपली.

परंतु तबकडीवरील ध्वनी ही एक गोष्ट आणि त्यातील चाल व शब्द या दुसऱ्या दोन. चाल आणि गीत यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. सी. रामचंद्र यांचे निधन १९८२ चे, त्यामुळे त्यांच्या चालींवरील हक्क २०४२ अखेरपर्यंत राहील. 'अलबेला'चे गीतकार राजेंद्र कृष्ण १९८७ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०४७ अखेरपर्यंत आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी रूपांतर करून ठेवणे आणि ते जगजाहीर करणे, यांत म्हणूनच फरक करावा लागतो.

घरातील रेकॉर्डचे काय करावे?

नगर, पुणे, नाशिकच्या जुन्या वाड्यांत आणि घरांत माळ्यावर आजही रेकॉर्डचे गठ्ठे निघतात. ते रद्दीत जाण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

- ७८ गतीच्या तबकड्या लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात. त्या पडताच फुटतात. त्या आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात.
- लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अत्तर लावून तबकडी कधीही पुसू नये. मऊ ब्रशने धूळ काढावी. गरज पडल्यास शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून, लेबल कोरडे ठेवून पुसावे.
- नगरसारख्या पर्जन्यछायेच्या भागात बुरशीचा त्रास कोकणापेक्षा कमी होतो, मात्र उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या वाकतात.
- जुन्या बाज्याची पोलादी सुई प्रत्येक बाजूसाठी नवी घ्यावी लागते. झिजलेली सुई खाच कुरतडते. दुर्मीळ तबकडी अशा बाज्यावर वाजवू नये.
- लाँग प्लेची सुई ७८ च्या खाचेसाठी फार बारीक पडते. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची, म्हणजे जवळपास तिप्पट रुंद टोकाची सुई लागते.
- रूपांतर करताना पहिली प्रत खरखर न काढता तशीच जतन करावी. स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवावी.
- लेबलाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. विक्री क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. तबकडीचे जुने पाकीट, दुकानाचा शिक्का आणि विक्रीची पुस्तिका फेकू नये.
- घरातील कोणी वाद्यवृंदात वाजवीत असल्यास गाण्याचे, स्टुडिओचे आणि सोबतच्या वादकांचे नाव तारखेसह लिहून घ्यावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. गाणे हरवू शकते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत उरलेली नाही आणि त्यातील गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. त्यामुळे त्या चित्रपटाचे संगीत आज कोणालाही ऐकता येत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. तबकडी ही अशा वेळी उरलेली एकमेव साक्ष ठरू शकते.

मुंबईत काळाघोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. जॅझच्या तबकड्या चाळत अनोळखी माणसाशी गप्पा मारण्याची एक जागा त्याबरोबर गेली. चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मात्र रेकॉर्डच्या ढिगाशेजारी उकिडवे बसून लेबले वाचणारी माणसे अजूनही दिसतात. त्यांच्या हातातील वहीत पूर्वी गाण्यांची यादी असे. आता काहींच्या वहीत एक जादा रकाना आखलेला असतो, वादकांच्या नावांचा. पुणतांब्याच्या चितळकरांचे नाव प्रत्येक लेबलावर आहे. त्यांच्यासाठी ट्रम्पेट फुंकणाऱ्यांचा तो रकाना भरला, तर त्या तबकड्यांची नोंद पूर्ण होईल.